ऊसतोडीला गेलेली पुस्तकं

पहिल्याच भेटीत बाईंनी मला पाणी आणायला पाठवलं.

तेव्हा मी जालन्यातल्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. त्याआधी चार वर्षं एका बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर आकडे भरत बसायची. संस्थेचं काम होतं गावोगाव मुलांचे वाचनकट्टे सुरू करायचं. रविवारी मुलं एका जागी जमणार, वाचणार, एकेक पुस्तक घरी नेणार आणि पुढच्या रविवारी परत आणणार. पुण्याच्या ऑफिसातून पुस्तकांच्या पेट्या यायच्या, त्यांच्याबरोबर छापील रजिस्टरं यायची, आणि मी स्कूटीवरून अंबड, परतूर, घनसावंगी असे तालुके फिरायची. अंबडकडच्या एका गावात निवृत्त झालेल्या एक शिक्षिका स्वतःच्या हौसेनं असा कट्टा चालवतात असं कानावर आलं, म्हणून त्यांना आमच्यात घ्यावं या विचारानं मी गेले.

कडुनिंबाखाली वीसेक मुलं बसली होती. बाई मुलांतच, जमिनीवर, पाय पसरून. अंगात जुनी सुती साडी, पायात पुरुषी चपला, केसांना भरपूर तेल. मी ओळख सांगितली. त्या म्हणाल्या, "आलात तर मंग एक गोष्ट वाचा." मी वाचली. एक म्हातारी आपली अर्धी भाकरी कोल्ह्याला देते अशी काहीतरी गोष्ट होती. वाचून झाल्यावर सवयीनं विचारलं, "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" आणि कुणी बोलेना म्हणून मीच उत्तर देऊन टाकलं.

सगळी मुलं बाईंकडे बघायला लागली. बाईंनी शेजारची रिकामी कळशी माझ्यापुढे सरकवली.

त्यांचा नियम होता, तात्पर्य सांगील त्यानं हापशावरून पाणी आणायचं. हापसा चांगला लांब होता. कळशी कमरेवर घेऊन परत आले तेव्हा मुलं पुढच्या गोष्टीत होती आणि बाईंनी माझ्याकडे वर मान करूनही पाहिलं नाही. मला राग आला होता. पण गोष्ट काय चाललीय ते ऐकायला मी बसले, आणि उठले ती मुलं घरी गेल्यावर.

पुढे तो कट्टा आमच्यात आला. वर्षभरानं आम्ही तिथं कार्यक्रम केला, तेव्हा तालुक्याहून शिक्षण खात्यातले एक साहेब आले होते. त्यांनी भाषणात एक गोष्ट सांगितली आणि शेवटी बोट वर करून तात्पर्यही सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. कळशी सरकल्याचा आवाज आला. साहेब भला माणूस निघाला. उठला, बाह्या दुमडल्या आणि गेला. हापशावरच्या बायकांनी त्याला नंबर सोडून पुढं घेतलं असेल असं मला वाटलं होतं, पण त्याला यायला बराच वेळ लागला, म्हणजे त्यांनी त्याला रांगेत उभं केलं असावं. कोपरापर्यंत भिजून आला. नंतर आसपासच्या शाळांनी आमच्या कट्ट्यांना जागा द्यावी म्हणून त्यानंच पत्र काढलं.

बाईंना मुलांची नावं लक्षात राहत नसत, किंवा त्या ठेवत नसत. ज्याच्या हातात जे पुस्तक तेच त्याचं नाव. 'बोकडवाला', 'आगगाडीवाली', 'भुताच्या विहिरीवाला'. पुढच्या रविवारी पुस्तक बदललं की नावही बदलायचं. मुलांना याची फार मौज वाटे. काही मुलं एखादं नाव आवडलं नाही म्हणून पुस्तक जल्दी वाचून संपवायची. एका मुलीचं मात्र नाव बदललं नाही. तिनं हत्तीचं एक पुस्तक इतक्या वेळा नेलं की ती कायमची 'हत्तीवाली' झाली. घरात तिचं नाव वेगळंच होतं, पण गावातली दुकानदार मंडळीसुद्धा तिला हत्तीवाली म्हणत. तिचे आईबाप मजुरी करायचे. घरात धाकटा भाऊ होता आणि एक आजी.

कोरं करकरीत परत आलेलं पुस्तक बाई घेत नसत. उलटसुलट करून बघायच्या, वास घ्यायच्या, आणि म्हणायच्या, "हे वाचलंच न्हाई. ह्याला भाकरीचं पीठ बी लागलं न्हाई." मूल पुस्तक घेऊन परत घरी. ज्या पुस्तकाला तेलाचा डाग, हळदीचं बोट, कोपरा दुमडलेला, त्याच्यावर त्या हात फिरवायच्या. वर त्या स्वतः पुस्तकांत लाल पेनानं लिहायच्या. एका चित्राच्या बाजूला लिहिलं होतं, 'शेळी असं करत न्हाई. लिहिणाऱ्यानं शेळी पाहिलेली न्हाई.' कापसाचं झाड छताएवढं दाखवलं होतं तिथं नुसती फुली. मुलंही मग लिहायची. पुण्याहून आलेली गुळगुळीत पुस्तकं सहा महिन्यांत अशी व्हायची की मला ती कुणाला दाखवायची लाज वाटे.

रजिस्टरचं तर सांगूच नये. 'परत केल्याचा दिनांक' या रकान्यात बाईंनी एकदाही दिनांक लिहिला नाही. एका ओळीत 'अजून रडतीया'. दुसरीत 'आजी सोडत न्हाई'. तिसरीत 'भावानं शेवट आधीच सांगितला, भांडण, परत'. मी महिन्याच्या शेवटी जालन्यात बसून या नोंदींवरून अंदाजानं तारखा बनवायची आणि पुण्याला पाठवायची. एकदा मी जरा कडक आवाजात म्हणाले की बाई, तारखा लागतात. त्या म्हणाल्या, "तारीख काय, कॅलेंडरात बी असती."

कट्टाही त्या एका जागी भरवत नसत. त्याला मात्र कारण होतं, आणि ते कारण मला कळायला वर्ष गेलं. बाई बौद्ध. सुरुवातीला त्यांनी आपल्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर कट्टा भरवला, तर गावातली काही मुलं येईनात. म्हणजे मुलं यायला तयार होती, घरचे पाठवत नव्हते. बाईंनी कुणाला जाब विचारला नाही. पुढच्या रविवारपासून कट्टा फिरता केला. एक रविवार विहारात, एक मारुतीच्या पारावर, एक मशिदीमागच्या गल्लीत, एक पाटलांच्या आळीत. ज्याच्या दारात कट्टा असेल त्याची मुलं आपोआप असायची, आणि पुढच्या रविवारी ती सवयीनं दुसऱ्याच्या दारात जायची. आळीतल्या एका घरानं पहिल्या वेळी दार लावून घेतलं. बाई मुलांना घेऊन त्याच दारासमोर रस्त्यावर बसल्या आणि वाचायला लागल्या. थोड्या वेळानं आतून एक म्हातारे गृहस्थ आले. सगळ्यांना वाटलं आता उठवतात. ते म्हणाले की मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं वाचा. पुढच्या वेळी त्या घरानं सतरंजी घातली.

तर असं दोनतीन वर्षं बरं चाललं होतं.

मग पुण्याच्या ऑफिसनं ठरवलं की हे काम आता आणखी चार जिल्ह्यांत न्यायचं. त्यासाठी पैसे देणारे पाहुणे येऊन एखादा चांगला कट्टा बघणार होते. तो चांगला दिसला तर पुढचं सगळं, माझी नोकरीसुद्धा. मी साहजिकच बाईंचं गाव सांगितलं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तयारी बघायला गेले, तर कट्ट्यावर सातआठ मुलं. निम्मं गाव दरसालप्रमाणे ऊसतोडीला सांगलीकडे गेलं होतं, आईबापांबरोबर पोरंही. ते मला माहीत होतं. पण मी पेटी उघडली, तर पेटीतही तळाला चारदोन पुस्तकं.

"पुस्तकं कुठं आहेत, बाई?"

"ऊसतोडीला गेली."

मला आधी वाटलं त्या थट्टा करताहेत. तसं नव्हतं. गाड्या निघायच्या दिवशी त्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या आणि जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात मावतील तेवढी पुस्तकं दिली होती. कुणाला किती, कुठली, काही लिहिलेलं नाही. गाड्याही एका ठिकाणी गेल्या नव्हत्या.

मी त्या दिवशी जे बोलले ते आठवलं की अजून मान खाली जाते. तुमच्या असल्या वागण्यानं चार जिल्ह्यांतल्या मुलांचं नुकसान होणार आहे असं म्हणाले. मी तुमच्यासाठी दर महिन्याला खोट्या तारखा लिहिते असंही म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "ही पुस्तकं तुमच्या घरची नाहीत."

बाई पेटीचं झाकण लावत होत्या. त्यांनी ते नीट लावलं, कडी घातली.

"पोरं बी माझ्या घरची न्हाईत," त्या म्हणाल्या. "पर सहा महिने ती काय वाचतेन, ते तुम्ही सांगा."

मी स्कूटी काढली. जालन्याला परत आले आणि त्याच संध्याकाळी पुण्याच्या ताईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, सगळं लिहून कळवलं. हे गाव दाखवण्यासारखं नाही, दुसरं बघावं लागेल, असंही लिहिलं. ताईंचा सकाळी फोन आला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. म्हणाल्या की आधी पुस्तकं कुठं आहेत ते बघून या. सापडली तर ठीक, नाहीतर तो कट्टा आपण पुढं चालवू शकत नाही.

मी बाईंना निरोप दिला की मी सांगलीकडे जाते आहे. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी विचारलं, "कवा निघायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडच्या स्टँडवर त्या माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. कापडी पिशवीत दोन साड्या, भाकऱ्यांचं गाठोडं आणि लाल पेन.

शहागड, गेवराई, बीड करत आम्ही चाललो होतो. मला अजून राग होता आणि आता त्यात लाजही मिसळली होती. बीडच्या पुढं गेल्यावर बाईंनी आपणहून एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील शेतमजूर होते. चाळिशीपर्यंत त्यांना अक्षर येत नव्हतं. आपल्या माणसांनी शिकलं पाहिजे हे त्यांनी सभांमधून ऐकलं होतं, पण शिकवणार कोण. शाळेत नुकती घातलेली लेक होती, तीच त्यांनी गुरू केली. दिवसभराच्या कामावरून आले की उंबऱ्यात पाटी घेऊन बसायचे.

"शाळेत मास्तर मला छडी मारायचे, तशी मी बापाला मारायची," बाई म्हणाल्या. "चुकला की हातावर फुटपट्टी. सात वर्साची होते मी. बापानं कधी हात मागं घेतला न्हाई."

नोकरीच्या पस्तीस वर्षांत बाईंनी एकाही मुलाला हात लावला नव्हता हे गावात सगळे सांगत. त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

मग त्या म्हणाल्या, "एक सांगते. मी पुस्तकांसाठी आले न्हाई."

हत्तीवाली तेव्हा चौदाव्या वर्षात होती. गाड्या निघायच्या आधी तिची आजी बाईंना म्हणाली होती की औंदा तिकडंच पोरीचं उरकून टाकतेत. मुकादमाच्या, म्हणजे टोळी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या, नात्यातलं स्थळ होतं. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. पोराला बायको मिळाली की घरात एक कोयता वाढतो. बाई तिच्या बापाकडे जाऊन आल्या होत्या. बाप गप्प राहिला. आई रडली. फाट्यावर गाडी निघताना बाईंनी सगळ्यात जास्त पुस्तकं त्या पोरीजवळ दिली आणि बाकीच्या पोरांना सांगितलं की हिच्याकडून घ्या, हिच्याकडं द्या.

"म्हणलं, तिच्या गळ्यात काही काम अडकवावं. लोक उगं बसलेल्या पोरीचं लगीन लावतेत," त्या म्हणाल्या. "पर मला काय म्हाईत. मी शाळामास्तरीण. पुस्तकानं लगीन थांबतं का कुठं."

इतकी वर्षं बाईंना कसली भीती वाटते असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे गुंडाळत होते आणि सोडत होते.

सोलापूरला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही हत्तीवालीची टोळी गेली होती त्या साखर कारखान्याच्या गावी पोचलो. गावाबाहेर माळावर उसाच्या पाचटाच्या खोप्या होत्या, कोप्या म्हणतात त्यांना, ओळीनं शंभरएक. माणसं फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, गेलेली. म्हाताऱ्या, कुत्री, बांधलेले बैल, एवढंच. आमच्या गावची टोळी कुठं म्हणून विचारत निघालो. एका कोपीपुढे चूल होती आणि विस्तवाला वारा घालायला एका म्हातारीनं हातात जे धरलं होतं ते आमच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं पान होतं. आतली पानं नव्हती. मी विचारलं, तर म्हणाली, पडलेलं सापडलं.

बाईंनी ते पान हातात घेतलं, पाहिलं, आणि तिला परत दिलं.

शेवटी आमच्या गावच्या कोप्या सापडल्या, तर त्या रिकाम्या. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की ती टोळी चार दिवसांपूर्वी दुसऱ्या फडावर हलली. आणि त्या टोळीतली एक पोरगी, मी विचारलं. चौदा वर्षांची, अंगानं बारीक. म्हातारी म्हणाली, "त्यांच्यात लग्नाची बोलणी चालू हुती बघा कुणाची तरी. झालं का न्हाई ते काय ठावं न्हाई."

फड दोन कोसांवर होता. उसाच्या गाड्या जात होत्या, कुणी बसा म्हणालंही, पण बाई चालतच निघाल्या आणि इतक्या भराभर की मी मागे पडले. पासष्टी ओलांडलेली बाई. रस्त्यात धूळ, दोन्ही बाजूला उभा ऊस, पुढचं काही दिसत नव्हतं. मी मनात काय म्हणत होते ते मला स्पष्ट आठवतं. पुस्तकं नाही मिळाली तरी चालतील, असं म्हणत होते.

ऊस संपला आणि तोडलेलं मोकळं रान लागलं. बांधावर एक बाभूळ, बाभळीला दोन झोळ्या बांधलेल्या, त्यांत तान्ही मुलं. खाली पाचटावर पंधरावीस पोरं बसलेली. त्यांच्यासमोर हत्तीवाली, एका काखेला भाऊ, दुसऱ्या हातात पुस्तक.

बाई थांबल्या. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही, पोरांकडे पाहिलं नाही. त्या तिच्या गळ्याकडे बघत होत्या. मीही बघितलं. गळ्यात काळा दोरा होता आणि त्यात शाळेतल्या कुठल्यातरी स्पर्धेचा बिल्ला ओवलेला होता. दुसरं काही नव्हतं.

बाई बांधावर बसल्या. मीही बसले.

तिनं आम्हाला पाहिलं, पण लगेच उठली नाही. हातातली गोष्ट पुरी केली. मग भावाला दुसऱ्या मुलीकडे देऊन आली आणि बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला विचारलं, "बरी हाईस का?" ती म्हणाली, "बरी हाय." एवढंच. बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता, तो सोडला नाही.

पुस्तकांचं मीच विचारलं. तिनं बोटांवर सांगायला सुरुवात केली. दहा तिच्याजवळ होती. चार परतूरकडच्या टोळीला दिलेली, ती अमावास्येला बाजारात परत मिळायची. तीन बीडकडच्या पोरांकडे. दोन कर्नाटकातल्या टोळीतल्या मुलांनी चित्रं बघायला नेली होती, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तर तिनं मला तोंडावर विचारलं की त्यांच्या भाषेतली पुस्तकं मिळतील का. एक पावसात गेलं. एक कुणीतरी चुलीत घातलं, ते तिला माहीत होतं आणि त्या घरातल्या पोराला तिनं आठ दिवस पुस्तक दिलं नव्हतं. मी वही काढून लिहीत होते. ती एकदाही अडखळली नाही. ज्या पुस्तकाचं पान फाटलं असेल, ते पान ज्यानं वाचलं असेल त्यानं तोंडपाठ सांगायचं, हा तिचा नियम होता.

बाईंनी एक पुस्तक उचललं, चाळलं आणि पिशवीतून लाल पेन काढलं. बैलगाडीचं चित्र चुकीचं होतं वाटतं.

"बाई, ल्हिऊ नका," हत्तीवाली म्हणाली. "पुढल्या टोळीला द्यायचंय. चांगलं राह्यलं पायजे."

बाईंना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं, आणि पेन पिशवीत ठेवलं. "बराबर हाय," म्हणाल्या.

दुपार कलल्यावर भाकरी खायला फडातली माणसं बांधावर आली. हत्तीवालीच्या बापाला बाईंनी बाजूला घेतलं, मला जवळ बोलावलं. तो खाली बघत बोलत होता. स्थळ आल्तं, म्हणाला. मुकादमानं शब्द टाकल्ता, मला न्हाई म्हणता आलं न्हाई.

"मंग?" बाईंनी विचारलं.

"बायांनी ऐकलं न्हाई."

त्यानं सांगितलं ते असं. मागल्या हंगामात त्यांच्या टोळीतल्या एका तीन वर्षांच्या लेकराचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली गेला होता. आईबाप ऊस तोडत असतात, लेकरं फडात कुठंही फिरतात, कुणाचं लक्ष राहत नाही. यंदा हत्तीवाली सगळ्या लेकरांना घेऊन एका जागी बसू लागली. गोष्टीच्या नादानं ती हलत नसत. पहिल्यांदा बायांना तोडताना मागं वळून बघावं लागेना. लग्नाचं कळल्यावर टोळीतल्या आठनऊ बाया मिळून मुकादमाकडे गेल्या. ही पोरगी सासरी गेली तर आमची लेकरं तुम्ही सांभाळणार का, असं त्यांनी विचारलं. आणि हत्तीवालीची आई, जी गावात नुसती रडली होती, ती नवऱ्याला म्हणाली की पोरीचं लगीन लावायचं तर उद्यापासून कोयता तू एकटाच चालव.

"आता अठरा झाल्याबिगर विषय न्हाई," बाप म्हणाला. "मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू."

बाईंनी पाणी मागितलं. कुणीतरी तांब्या दिला. तो त्यांनी तोंडाला लावून एका दमात संपवला आणि पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग भाकऱ्यांचं गाठोडं सोडून पोरांमध्ये वाटायला बसल्या.

मी बांधावरूनच ताईंना फोन लावला. पुस्तकांचं सांगितलं, झोळ्यांचं सांगितलं, पोरीचं सांगितलं. मी खोट्या तारखा लिहीत होते तेही सांगून टाकलं, कारण आता पोटात काही ठेवायला जागा उरली नव्हती. मग ताईंनी विचारलं, "तिथं अशा टोळ्या किती आहेत?" मला माहीत नव्हतं. मी हत्तीवालीला विचारलं. ती गावांची नावं घ्यायला लागली, आणि मी ती एकेक करून फोनवर सांगत गेले. माझं पान भरलं तरी ती थांबेना.

त्यानंतर आमचं काम चार जिल्ह्यांत गेलं, पण ऑफिसनं नकाशावर आखलं होतं तसं नाही. दिवाळीनंतर गाड्या निघतात त्या फाट्यांवर आता आम्ही पेट्या घेऊन उभे असतो. टोळीबरोबर पेटी जाते. जालन्याची पेटी सांगलीत, बीडची कोल्हापुरात, आणि काही पेट्यांत कानडी पुस्तकंही असतात. टोळीतली एखादी नववी-दहावी शिकलेली सून किंवा म्हातारीही ती सांभाळते. सगळीकडे जमतं असं नाही. काही पेट्या रिकाम्या परत येतात. रजिस्टरातला परत केल्याच्या दिनांकाचा रकाना ताईंनी काढूनच टाकला.

बाईंना आम्ही सल्लागार व्हा म्हणालो. त्यांनी विचारलं की त्यात काय करायचं असतं. मी म्हणाले, लोकांना सांगायचं. त्या म्हणाल्या, "सांगणं मला बिलकुल जमत न्हाई." पुढच्या हंगामात त्यांनी हत्तीवालीला आणि तिच्या भावाला आपल्या घरी ठेवून घेतलं, म्हणजे शाळा बुडायला नको. ती आता अंबडला होस्टेलवर राहून बारावीत आहे. बाई गेल्या वर्षी भाचीकडे आष्टीला राहायला गेल्या. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. आष्टीच्या बाजाराच्या दिवशी भाचीच्या दुकानाच्या पायरीवर पोरं जमतात असं ऐकते. मी अजून गेले नाही. गेले पाहिजे.

पण बाई म्हटलं की मला त्या परतीच्या एसटीतल्या दिसतात. सोलापूरहून सकाळची गाडी होती, बरीच रिकामी. मी त्यांची माफी मागायचं ठरवलं होतं आणि वाक्यं जुळवत होते. गाडी शहराबाहेर पडली तसं मी बोलायला तोंड उघडलं आणि वळले, तर त्यांना झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, चपला काढून पाय सीटखाली. तीन वर्षांत मी त्यांना कधी भिंतीला टेकून बसलेलंही पाहिलं नव्हतं. एका वळणावर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. केसांच्या तेलाचा वास, फडातल्या धुळीचा वास. कंडक्टर तिकिटाला आला, त्याला मी दुसऱ्या हातानं पैसे दिले आणि हळू बोला म्हणून खूण केली. मग बीड येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.